८-२४ झूमला बार्लो लावला की गुरू पिठूळ दिसतो, दोष नक्की कुणाचा?

पिकग्लास (सोलापूर), १८ जानेवारी २०२६

सगळ्यांना नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी पूर्व भागात राहतो. टेरी टॉवेलच्या कारखान्यात कापड तपासायचं काम, एकवीस वर्षं झाली. दिवसभर डोळ्याला पिक ग्लास लावायचा, इंचात धागे किती ते मोजायचं, पीक (आडवे धागे) कमी भरलं की जॉबरला हाक मारायची. घरी आलो की गच्चीवर जाऊन पुन्हा काचेलाच डोळा लावतो. त्यावर घरात काय बोललं जातं ते इथं लिहीत नाही.

दुर्बीण १३० मिमीची, फोकल लेंथ ६५०, भागाकार पाच, म्हणजे एफ/५. टेबलावर ठेवायचा छोटा डॉब आहे (हाताने ढकलून फिरवायच्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), पाण्याच्या टाकीशेजारच्या कट्ट्यावर बरोबर बसतो. दिवाळीच्या बोनसमधून ८-२४ मिमीचा झूम आयपीस (डोळ्याला लावायची भिंगाची नळी) घेतला. हिशेब सरळ होता. २४ वर २७ पट, ८ वर ८१ पट, मधलं सगळं अंगठी फिरवून. अंधारात आयपीस बदलताना हातातून सुटायची भीती नाही. (एक सुटला होता. दोन मजले. विषय नको.)

गुरूला ८१ पट कमी पडतं म्हणून २एक्स बार्लो (आयपीसच्या आधी लावायचं, पट वाढवणारं भिंग) आणला. धातूचा आहे, खालचा भिंगाचा तुकडा आट्यावर फिरवला की सुटा होतो. शिवाय मुलाच्या जुन्या खेळण्यातल्या दुर्बिणीबरोबर आलेला प्लास्टिकचा ३एक्स घरात पडून होताच. कागदावर हा ३एक्स फारच सोयीचा. झूम स्वतःच तिप्पट फिरतो, २७ ते ८१. त्याला तिप्पट बार्लो लावला की ८१ ते २४४. एक जिथं संपतं तिथं दुसरं सुरू, मध्ये फट नाही की एकावर एक नाही. असं जुळून आलेलं गणित बघितलं की मला लई बरं वाटतं.

आता प्रत्यक्षात काय झालं ते.

आज दुपारी मित्राच्या गच्चीवर चट्ट्यापट्ट्यांची चादर दोरीला आडवी ताणून बांधली. पट्टा बरोबर एक इंचाचा, मीच मोजलाय. अंतर साधारण ६० मीटर. झूम ८ वर ठेवून बार्लोशिवाय या कडेपासून त्या कडेपर्यंत ३० पट्टे मावले. २एक्स लावला, १५ यायला हवेत, आले १४. ३एक्स लावला, १० यायला हवेत, आले साडेअकरा. परत मोजले. मित्राला मोजायला लावले. तेच. म्हणजे दोन लिहिलेला दोनापेक्षा जास्त भरतो आणि तीन लिहिलेला तीनाला कमी. आमच्याकडे असा माल आला तर गठ्ठा परत जातो.

रात्री पावणेआठला गुरू लावला. नुसता झूम ८ वर: लहान, पण रेखीव. झूम ८ आणि २एक्स: पिठात बुडवून काढल्यासारखा. दोन पट्टे आहेत एवढं कळतं, कडा मात्र सारखी हलते. ३एक्स लावला तर भोवती जांभळी झालर आली आणि मी आवरून खाली आलो.

माझं विचारणं असं. दोष झूमचा, बार्लोचा की आरशाचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? बार्लोवर जो आकडा छापतात त्याला अर्थ तरी काय? आणि पुढं पैसे घालायचेच तर चांगला ३एक्स घ्यावा की ४ मिमीचा साधा आयपीस?

---

होटगीरोडकर

काय बे मालक, चादर सोलापूरची आणि दोष बार्लोचा? धुतल्यावर आटली असेल, पट्टे बारीक झाले असतील.

---

पिकग्लास

ओ, चादर तीच, तिन्ही वेळा. आटली तरी तिन्ही वेळा सारखीच आटेल की.

---

आरसेघासू (पुणे)

पिकग्लास, तुमची चादर बरोबर सांगतेय. अर्धे लोक हे मोजायच्या भानगडीत न पडताच नवा बार्लो मागवतात.

बार्लोवर छापलेला आकडा म्हणजे त्या भिंगाचा गुणधर्म, असा आपला समज असतो. तसं नाही. भिंगाचा गुणधर्म एकच, त्याची ऋण फोकल लेंथ. पट ठरते ती भिंगापासून आयपीसची फोकसची जागा किती लांब आहे त्यावर. सूत्र अगदी सोपं आहे: पट बरोबर १ अधिक (अंतर भागिले फोकल लेंथ). समजा तुमचं भिंग ८० मिमीचं आहे. आयपीसचं फोकस त्याच्यापासून ८० मिमीवर आलं तर बरोबर दुप्पट. तुमच्या झूमचं फोकस जरा वर असेल, ९२ मिमीवर, तर झाले २.१५. बनवणाऱ्याने दोन छापलं तेव्हा त्याच्यासमोर कुठला तरी सरासरी आयपीस होता, तुमचा झूम नव्हता. तुमच्या ३एक्सचंही तेच, फक्त उलट्या दिशेने. त्यामुळे गठ्ठा परत पाठवू नका, मोजमाप वहीत लिहून ठेवा.

यातूनच दोन युक्त्या निघतात. अपवर्तक (भिंगाची) दुर्बीणवाले बार्लो डायगोनलच्या (प्रकाश वळवणाऱ्या आरशाच्या) आधी लावतात. वाटेत ७० मिमी वाढले की तोच २एक्स तिपटीला पोचतो. तुमच्या न्यूटोनियनला (आरशाच्या दुर्बिणीला) ते नाही. तुम्हाला उलटी युक्ती चालेल: भिंगाचा तुकडा सोडवून थेट झूमच्या नळीच्या तोंडाशी, फिल्टरच्या आट्यांवर बसवायचा. अंतर घटतं, पट दीडच्या आसपास येते.

झूमची एक जास्तीची गंमत आहे. अंगठी फिरवली की त्याची फोकसची जागा थोडी सरकते, म्हणून तर तुम्हाला परत फोकस करावा लागतो. बार्लो न लावता २४ वरून ८ वर जाताना फोकसर किती मिमी हलवावा लागतो ते पट्टीने मोजा. ४ मिमी निघाले तर ८० च्या बार्लोत आकडा ०.०५ ने हलणार. म्हणजे झूमबरोबर बार्लोची पट एकच राहत नाही, पण फरक चिमूटभर.

रात्री मोजायचं तर चादरीपेक्षा सरस साधन फुकट आहे. आपल्या जुन्या पंचांगाच्या मापात सांगतो, डोक्यात पटकन बसतं. एक पळ म्हणजे २४ सेकंद. तेवढ्यात आकाश ६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतं. दहा पळं, म्हणजे ४ मिनिटं, झाला एक अंश. हा हिशेब खगोलीय विषुववृत्तावरच्या ताऱ्यांना तंतोतंत लागतो, आणि सध्या तसा तारा संध्याकाळीच वर असतो. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे घ्या, त्यातला सर्वांत आधी उगवणारा. तो विषुववृत्तापासून अर्ध्या अंशाच्याही आत आहे. दुर्बिणीला हात न लावता त्याला कडेवरून आत येऊ द्या, बरोबर मध्यातून जाऊ द्या, दुसऱ्या कडेला नाहीसा झाला की घड्याळ थांबवा. मध्यातून गेला नाही तर तो फेरा बाद. प्रत्येक मांडणीला तीन फेरे घ्या. बार्लोशिवायचा वेळ भागिले बार्लोसकटचा वेळ, ही तुमची खरी पट.

आता पिठूळपणा. दोष शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट फिरवा. तारा बरोबर मध्यावर घ्या, त्याचा आकार लक्षात ठेवा. आयपीस जागच्या जागी गोल फिरवा. ताऱ्याची शेपटी किंवा पंख त्याच्याबरोबर फिरले तर दोष आयपीसचा. मग फक्त बार्लो फिरवा. मग स्वतःची मान वाकडी करा. हसू नका, कितीतरी वेळा दोष आपल्या बुबुळाचा निघतो. काहीच फिरलं नाही तर आरसा, कॉलिमेशन (आरशांची जुळणी) किंवा हवा. एफ/५ च्या आरशाला कडेला कोमा (ताऱ्याला शेपूट फुटणं) असतोच, शेपट्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने जातात. बार्लो तो काढत नाही. एक काम मात्र तो चांगलं करतो: एफ/५ चा बसका शंकू झूमला एफ/१० चा निमुळता करून देतो, त्यामुळे झूमचे स्वतःचे कडेचे दोष कमी दिसतात. बार्लोने चित्र बिघडतंच, असं म्हणणाऱ्यांना एवढं जरूर सांगा.

हा बार्लो म्हणजे पीटर बार्लो, १७७६ ते १८६२, वूलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवायचा. जहाजातल्या लोखंडाने होकायंत्र चुकतं त्यावरही त्याने तोडगा काढला होता. मला नेहमी वाटतं, चुकीचं वाचन का येतंय हे शोधणारा माणूसच असलं भिंग काढणार.

शेवटचं, पण आधी वाचा: तुकडा झूमला लावण्यापूर्वी झूम उलटा धरून अंगठी पूर्ण फिरवून बघा. काही झूमचं खालचं भिंग नळीत बरंच खाली येतं. तुकड्याला टेकलं तर संपलं.

आणि एक प्रश्न. पावणेआठला गुरू पूर्वेला असणार. त्या दिशेला तुमच्या गच्चीखाली काय आहे?

---

अरुंधती_बार्शी

दादा, मी शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली सहा वर्षं मुलांना आकाश दाखवते, त्यामुळे झूमबद्दल थोडं बोलू शकते.

बार्लोची पट कळली तरी मूळ झूम खरंच ८ ते २४ आहे का, हे कळत नाही. त्यासाठी दुर्बीण दिवसा उजळ आकाशाकडे करा, सूर्यापासून पार विरुद्ध बाजूला. आयपीसच्या मागे जो प्रकाशाचा गोल ठिपका तरंगतो त्यावर बटर पेपर धरा, पुढेमागे करून कडा तीक्ष्ण करा, पेन्सिलीने दोन बाजूंना खूण करा. १३० भागिले तो व्यास, ही एकूण पट. ठिपक्याच्या मध्ये काळा डाग दिसेल, ती दुय्यम आरशाची सावली, घाबरू नका. आम्ही वर्गात हे पट्टीने करतो आणि अर्ध्या मिलीमीटरवरून भांडणं होतात. तुमच्याकडे पिक ग्लास आहे, तुमची भांडणं होणार नाहीत.

३एक्सबद्दल माझं मत विचाराल तर घेऊ नका. २४४ पटीला तो ठिपका अर्ध्या मिमीचा होतो. इतक्या बारीक झोतात स्वतःच्या डोळ्यातले तरंगणारे कणच आधी दिसतात. माझ्या चाळिशीनंतर तर गुरूवर कायम एक जाळं असतं. आरशाच्या मिमीच्या दुप्पट, म्हणजे तुमचे २६०, ही वरची हद्द खरी, पण वर्षातल्या मोजक्या रात्रींची.

आणि ते फट नसलेलं गणित कागदावरच राहू द्या. झूम २४ वर असताना दृश्य अरुंद असतं, चाळीसएक अंशांचं, ८ वर साठीच्या आसपास. त्यामुळे बार्लो लावून २४ वर बसणं म्हणजे बोगद्यातून बघणं. तेवढीच पट बार्लो काढून १२ वर मिळते आणि चित्र मोकळं दिसतं. बार्लो लावलाच तर अंगठी १२ ते ८ मध्येच फिरवा, बाकीची फिरवाफिरव वाया.

मुलांसाठी मात्र झूमसारखं काही नाही. अट एकच. अंगठीला हात लावायचा नाही. प्रत्येक मूल ती फिरवतं, फोकस जातो, पुढचं मूल म्हणतं, “बाई, काहीच नाही.” मी आता चिकटपट्टी लावते.

---

पिकग्लास, २७ जानेवारी

आरसेघासू सर, ताई, दोघांचे आभार. सांगितलेलं सगळं केलं. एक चूकही केली, तिच्यापासूनच सुरुवात करतो.

सर, तुम्ही “शेवटचं, पण आधी वाचा” असं लिहिलंत. मी ते शेवटीच वाचलं. शुक्रवारी तुकडा झूमला लावला, ८ वर मिंटाकाचे (बाणाच्या ताऱ्याचं हे नाव आता पाठ झालं) तीन फेरे घेतले, छान झाले. मग २४ वर जाऊ म्हणून अंगठी फिरवली आणि हाताला टक् असं लागलं. मागात शटल अडकतो तेव्हा असं लागतं. लगेच थांबलो. तुकड्याच्या भिंगावर कडेला नखाएवढी चंद्रकोर उमटली आहे. झूमचं भिंग मात्र वाचलं. आत बघताना ओरखडा दिसत नाही, पण मला तो आहे हे माहीत आहे, आणि आमच्या धंद्यात तेवढं पुरतं.

आता आकडे. सगळे तीन फेऱ्यांची सरासरी.

झूम ८ वर, बार्लो नाही: १७४ सेकंद, म्हणजे साडेत्रेचाळीस कला. २एक्स लावून ८१ सेकंद. भागाकार २.१५. चादरीने ३० भागिले १४ म्हणजे २.१४ दिलं होतं. चादर पास.

झूम २४ वर, बार्लो नाही: ३५० सेकंद, जवळजवळ दीड अंश. २एक्स लावून १६७. भागाकार २.१०. फोकसर किती हलवावा लागतो तेही मोजलं, चार मिमीला जरा कमी. सर, तुमचा ०.०५ कागदावरून उचलून आकाशात ठेवल्यासारखा निघाला. अर्थात एका सेकंदाची चूक धरली तरी हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, तेव्हा मी फार छाती फुगवत नाही.

३एक्स प्लास्टिकवाला, झूम ८ वर: ६६ सेकंद, २.६४. तुकडा थेट झूमला लावून: १२१ सेकंद, १.४४.

बटर पेपरचं काम रविवारी सकाळी केलं, तोंड पश्चिमेला करून. झूम २४ वर ठिपका ४.६ मिमी भरला. पिक ग्लासखाली पेन्सिलीची रेघ दोरखंडाएवढी दिसते हो ताई, रेघेच्या आतल्या कडेपासून मोजायचं की बाहेरच्या, यावर माझं माझ्याशीच भांडण झालं. शेवटी टाचणीने भोकं पाडली. ४.६ म्हणजे २८ पट, म्हणजे २४ लिहिलेला झूम खरा २३ चा आहे. ८ ला ८ च निघाला, जेवढं मला मोजता आलं तेवढं.

फिरवाफिरवीत काय सापडलं: बार्लो फिरवून काही बदल नाही. झूम फिरवूनही मधल्या ताऱ्यात बदल नाही, अगदी कडेच्या ताऱ्यांना मात्र पंख दिसतात, आणि बार्लो लावला की ते निम्म्याने कमी होतात. मान वाकडी केली, काही नाही, फक्त शेजारच्या गच्चीवरच्या आजीने विचारलं बरं आहे ना. कॉलिमेशन थोडं गेलं होतं, ते नीट केलं. मधोमध तारा आता दोन्ही बाजूंना फोकस सोडला की सारख्या गोल कड्या देतो.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न, सर. पूर्वेला गच्चीखाली काय आहे? सायझिंगचा बॉयलर आहे. सुताच्या बीमला खळ लावून वाफेवर वाळवतात, त्याची चिमणी. रोज बघतो, वीस वर्षं झाली, म्हणून दिसली नाही. पावणेआठला गुरू बरोबर तिच्या डोक्यावरून वर येत होता. दिवसभराची ऊन खाल्लेली स्लॅब ती वेगळीच.

काल प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, बॉयलर बंद. तरी म्हटलं घाई नको. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं, दुर्बीण सातलाच बाहेर ठेवली. अर्धा चंद्र वर होता, आधी त्याच्यावर ताईंची परीक्षा घेतली. टॉलेमी, अल्फॉन्सस, आर्झाकेल ही तीन विवरं उजेड-अंधाराच्या रेषेवर ओळीने उभी होती. झूम १२ वर नुसता, मग २४ वर बार्लोसकट. पट जवळपास तीच. आर्झाकेलच्या मधला डोंगर दोन्हीत सारखाच टोकदार. पण पहिल्यात सगळा चंद्र मावून वर काळं आकाश उरत होतं, दुसऱ्यात चंद्राला दाटीवाटीने कोंबल्यासारखं वाटलं. ताई, बोगदा हा शब्द बरोबर.

गुरूला हात लावला तो सव्वाअकराला, अगदी माथ्यावर आल्यावर. ८ आणि २एक्स, म्हणजे खरी पट १७४. पहिले दोन मिनिटं काही बोललोच नाही. तोच झूम, तोच बार्लो. दोन्ही पट्ट्यांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या, खालच्या पट्ट्याला एक बारीक दात. मधूनच हवा हलायची, परत बसायची. पुनर्वसूतला कॅस्टर लावला, दोन पांढरे दाणे आणि मध्ये काळी फट, सुईने काढल्यासारखी. मुलाला उठवलं. त्याने बघितलं, “हे खरं आहे का?” विचारलं आणि परत जाऊन झोपला.

तक्रार एकच. माथ्यावरच्या वस्तूला डॉब फिरवणं म्हणजे भोवऱ्याला टोकावर धरणं. दीड मिनिटाच्या आत इकडून तिकडे, त्यात मधला चांगला भाग पंधरा-वीस सेकंदांचा. जरा ढकलायला जावं तर गोल गरगरतो.

खरेदीचा निर्णय: काही घेत नाही. २एक्स राहील, १२ ते ८ मध्येच. ३एक्स गेला. सर, एक विचारतो. तुकडा थेट लावल्यावर ८ वर ११७ पट मिळते, ती मला फार आवडली, हवा साधारण असली तरी चित्र बसतं. ते टक् होऊ नये यासाठी काही करता येईल का?

---

आरसेघासू

येईल. जुना चंद्राचा फिल्टर असेल तर त्यातली काच काढा, नुसती कडी तुकड्याच्या आणि झूमच्या मध्ये बसवा. सहाएक मिमी मोकळे होतील, पट ०.०८ ने वाढेल. म्हणजे १२३-१२४ वर जाल, हवेला कळणारही नाही. कडी लावूनसुद्धा आधी उजेडात, उलटा धरून, हळूहळू २४ पर्यंत फिरवा. कान लावून.

ओरखड्याचं मनाला लावून घेऊ नका. फोकसपासून इतक्या लांब आहे की तो चित्रात येत नाही, फार तर अतितेजस्वी वस्तूभोवती थोडा उजेड पसरेल. माझ्या पहिल्या आरशावर माझ्याच अंगठीचा ओरखडा आहे, त्यातून मी पंधरा वर्षं बघतोय.

माथ्यावरच्या गुरूसाठी: थोडं थांबा. साडेबारा-एकला तो पश्चिमेला कलतो, तोवर स्लॅबही निवलेली असते.

---

अरुंधती_बार्शी

टाचणीची युक्ती वर्गात वापरणार. रेघेची आतली कड की बाहेरची, हे भांडण आमच्याकडे तीन वर्षं चालू आहे.

---

होटगीरोडकर

मालक, ते सगळं खरं, पण ३एक्स गेला म्हणजे कुठं गेला? फेकला का? मला द्यायचा की.

---

पिकग्लास

मुलाने घेतला. सकाळपासून गच्चीवर त्याच्यातून मुंग्या बघत होता. खाली येऊन म्हणतो, बाबा, हा बिघडलाय, मुंग्या अजूनच लहान दिसतात. बिघडला नाही रे, ऋण भिंग आहे, असं सांगितलं. आता तो त्यातून आजीकडे बघतोय.